मिनी ट्रॅक्टरसाठी बॉक्स ब्लेड घेताना

बॉक्स ब्लेड म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडायची, माती ओढून सपाट करणारी, धार आणि दात असलेली लोखंडी पेटी. आधी टेप घेऊन मागच्या चाकांची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी मोजा. ब्लेड दोन्हीकडे त्याहून दोन-तीन इंच जास्त हवे, नाहीतर सपाट केलेल्या मुरमावर चाकांच्या खुणा उरतातच. फार रुंदही नको: पेटी मातीने भरली की 20-25 एचपीच्या ट्रॅक्टरची चाके जागीच फिरू लागतात.

खरा प्रश्न वजनाचा. हलके ब्लेड कडक मुरमावरून नुसते घसरते, जड ब्लेड स्वतःच्या भाराने खाली धरते. पण माहितीपत्रकात लिफ्ट (उचलण्याची क्षमता) 750 किलो लिहिली असली, तरी तो आकडा बहुधा खालच्या लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या खालच्या दांड्यांच्या, टोकाशी मोजलेला असतो. अवजाराचा भार त्याच्याही मागे पडतो, म्हणून प्रत्यक्षात तेवढे उचलले जात नाही. शिवाय जड ब्लेड उचलले की पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग दाद देत नाही. पुढे वजने लावायची सोय आहे का, ते आधीच बघा.

धारेची पट्टी बोल्टची, उलटून लावता येणारी घ्या. वेल्डिंगची झिजली की दरवेळी वर्कशॉप गाठावे लागते. आणि पैसे देण्याआधी जोडून चालवून बघाच: टॉप लिंक (अवजार जोडणारा वरचा दांडा) आखूड केल्यावर दात खोल जायला हवेत, लांब केल्यावर मागच्या कडेने माती एकसारखी पसरायला हवी.