खळ्यात लावा पांढरा पडदा: किड्यांची किळस घालवण्याची एक रीत

किडा दिसला म्हणून घाबरणारे थोडेच. तो कधी आणि कुठून अंगावर येईल याचा नेम नसतो, त्याचीच धास्ती जास्त. म्हणून रात्री पांढऱ्या पडद्यावर उजेड पाडायचा आणि तो कुठे बसेल हे आधी आपणच ठरवायचं.

गणपती आटोपले, पाऊस ओसरला की सुरुवात करा. सर्वपित्री अमावास्येच्या आसपासची, वारा पडलेली दमट रात्र उत्तम. चांदण्यात पडद्यावर फारसं कोणी फिरकत नाही.

खळ्यात दोन खांबांना दोरी बांधून धुतलेलं सुती धोतर लावा. गुळगुळीत पॉलिस्टर नको. त्यावर पतंगांचे पाय ठरत नाहीत, ते घसरून खाली पडतात आणि भित्र्या पाहुण्याच्या पायाशी किडा आला की कार्यक्रम तिथेच आटोपतो. समोर जांभळट उजेडाची यूव्ही-ए नळी (‘ब्लॅकलाइट’) टांगा. पिवळसर एलईडीला किडे कमी येतात. नळीकडे टक लावून पाहू नका. पडवीतले दिवे बंद करा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कपाळावरची बॅटरी. उडता किडा पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी हे टिपलं. कपाळावर दिवा असला की तो तुमच्याच तोंडाभोवती घिरट्या घालणार. अंधारात, पडद्यापासून दहा फुटांवर बसा.

पहिल्या रात्री एकच पतंग निवडा आणि फोनच्या झूममधून पाहा. पुढच्या खेपेला दोन पावलं पुढे, तेही स्वतःला वाटलं तर. दुसऱ्याच्या हातावर किडा ठेवण्याची मस्करी केलीत तर सगळं मुसळ केरात.

कण्हेरीवर वाढणारा हिरवा पतंग आला तर नशीब. उडण्याआधी तो पंख थरथरवतो. बघणाऱ्याला वाटतं, आता अंगावर येणार. तो मात्र उडण्याचे स्नायू तापवत असतो. पुढच्या पायांसमोर बोट धरा, तो आपणहून चढेल. चिमटीत धरू नका, पंखांवरचे खवले निघतात.

हात लावायचा नाही अशा दोघांची ओळख हवी. एक केसाळ सुरवंट. दुसरा नारिंगी-काळा, मुंगीएवढा लांबट भुंगेरा: तो चावत नाही, पण त्वचेवर चिरडला तर भाजल्यासारखे फोड येतात. फुंकर मारून उडवा; चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा. गांधीलमाशी आली तर नळी थोडा वेळ बंद ठेवा.

दहाच्या सुमारास नळी बंद करा आणि पडदा हलकेच झटकून काढा. रात्रभर राहिला तर पाली आणि पहाटे दयाळ पक्षी त्यावर ताव मारतात.