वॉर्डातल्या तक्रारींच्या ढिगाला एआय कसं लावायचं

बिग डेटा म्हटलं की लोकांना मोठमोठे सर्व्हर आठवतात, पण आपल्या इंदूरात ८५ वॉर्ड आहेत, महापालिकेच्या ३११ ॲपवर, १८१ च्या सीएम हेल्पलाइनवर, झोन ऑफिसच्या काउंटरवर रोज तक्रारी येतात, डेटा म्हणजे हाच, आणि तो एक्सेलमध्ये उघडता येत असेल तर सुरुवातीला तेवढं पुरे.

आधी प्रश्न ठरवा. "एआय वापरायचंय" हा काही प्रश्न नाही. "पावसाळ्याआधी कुठल्या ड्रेनेज लाइनी साफ करायच्या" हा प्रश्न आहे, आणि त्याला मागच्या दोन-तीन वर्षांच्या जून ते सप्टेंबरच्या तक्रारी लागतात, बाकीच्या राहू द्या.

फाइल बाहेरच्या कुठल्याही टूलमध्ये टाकायच्या आधी नाव, मोबाइल, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) हे कॉलम उडवा. लोक तक्रारीच्या मजकुरातसुद्धा नंबर लिहितात, ते शोधून काढा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण समोरच्याने नाली तुंबली म्हणून विश्वासाने नंबर दिलेला असतो हो.

आता खरी मेहनत, आणि अर्धा वेळ इथेच जाणार हे धरून चला. भंवरकुआं, भवरकुआ, भंवर कुवा, सगळी एकच जागा, पण कॉम्प्युटरला तीन वाटतात, मग जिथे सगळ्यात जास्त त्रास आहे ती जागा यादीत खाली जाते. म्हणून एक वेगळा कॉलम करून प्रत्येक जागेचं एकच नाव आणि वॉर्ड नंबर भरा.

मग शंभर तक्रारी स्वतः वाचून हाताने प्रकार लिहा, त्याच शंभर एआयला द्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. एकदा मी हे केलं तेव्हा "चेंबर उफन रिया है" (म्हणजे चेंबर भरून वाहतंय) ही तक्रार त्याने इमारतीच्या खात्यात टाकली होती, त्याला चेंबर म्हणजे खोली वाटली! इंदूरात चेंबर म्हणजे गटाराचं झाकण असलेलं ते, हे त्याला सांगावं लागतं. तेव्हा अशा शब्दांची यादी आधीच द्या: चेंबर, चोक (तुंबलेलं), बॅकलाइन (घरांमागची गल्ली). चुका कमी झाल्या की मगच हजारोंची फाइल द्या.

आणि जिथून तक्रार नाही तिथे सगळं ठीक आहे असं कृपा करून समजू नका. ज्या वस्तीत लोक दिवसभर मजुरीला असतात तिथून ॲपवर कोण लिहिणार? तिथे माणूस पाठवून विचारा आणि तेही त्याच शीटमध्ये भरा.

कुणाचं पेन्शन थांबवणं, कुणाचं नाव यादीतून काढणं, असली कामं एआयवर अजिबात सोडू नका. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात असल्याच सिस्टिमच्या आधाराने हजारो आईबापांना फसवे ठरवलं गेलं, कुटुंबं कर्जात बुडाली, जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. तक्रार फोर्स क्लोज करायचा, म्हणजे तक्रारदाराचं समाधान झालेलं नसताना बंद करायचा निर्णयही माणसानेच, कारण लिहून घ्यावा.

शेवटी जागेनुसार ड्रेनेजच्या तक्रारी मोजून लाइनींची यादी तयार झाली की वॉर्डातलं सफाईचं काम बघणाऱ्या दरोगासाहेबांना दाखवा. ते सांगतील की अमक्या गल्लीत मागच्या उन्हाळ्यात नवीन लाइन पडली, म्हणजे जुन्या तक्रारी आता लागू नाहीत. ती तारीख शीटमध्ये टाका आणि यादी परत काढा.