भावना हाताळायला शिकवणारा गट: या चुका टाळा

‘गटात सगळ्यांना पटतं, पण घरी कुणीच करून बघत नाही.’ गट चालवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा दोष वेळेच्या वाटणीत असतो. संध्याकाळी सहाचा गट, हिंजवडीहून येणारे वाहतुकीत अडकलेले, म्हणून गृहपाठाची उजळणी शेवटी ढकलली जाते आणि ती चपला घालता घालता उरकते.

उजळणी आधीच घ्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) या उपचारपद्धतीत कौशल्यांचा गट आठवड्याला साधारण दोन-अडीच तास चालतो आणि पहिला भाग उजळणीसाठीच राखलेला असतो. उशीर फारच होत असेल तर गट सातला ठेवा. ‘सासूबाई बोलल्या, श्वासावर लक्ष द्यायला गेले, जमलं नाही’ असं कुणी सांगितलं की खरं शिकवणं सुरू होतं. मग विचारा, तंत्राची आठवण कधी झाली, भांडण पेटल्यावर की आधी? राग दहापैकी नऊवर गेल्यावर नवखं तंत्र हाताशी येत नाही. तो दोन-तीनवर असतानाच रोज सराव हवा. गृहपाठ न करणाऱ्याला झापू नका, सोडूनही देऊ नका. नेमकं काय आडवं आलं, ते सगळ्यांसमोर शोधा. बाकीच्यांचंही तिथेच अडलेलं असतं.

सगळ्यांना एकच तंत्र देणं ही दुसरी चूक. ‘डोळे मिटा’ म्हटल्यावर आघातातून गेलेली व्यक्ती शांत होण्याऐवजी घाबरू शकते. डोळे उघडे ठेवायची मुभा सुरुवातीलाच द्या. भावनेचा जोर ओसरावा म्हणून चेहरा गार पाण्यात धरायचं तंत्रही शिकवतात. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

एकाच्याच कहाणीत तास गेला तर मधे थांबवायला संकोचू नका. ‘या प्रसंगात आजचं कौशल्य कुठे बसेल?’ एवढं विचारलं तरी गाडी रुळावर येते.

गोपनीयतेचा नियमही मोघम नको. पेठांमध्ये कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. लक्ष्मी रोडवर समोरासमोर आलात तर ओळख दाखवायची की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

आत्महत्येचे विचार कुणी बोलून दाखवले तर तपशिलाची चर्चा गटात वाढवू नका, पण त्या व्यक्तीला तसंच घरीही पाठवू नका. गट चालवणाऱ्या दुसऱ्या सहसंचालकाने लगेच वेगळं बसून बोलावं, घरच्यांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना कळवण्याचं ठरवावं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा.