घरापासून दूर दोन नाताळ: मिशनवर निघालेल्यांसाठी

ऑगस्ट 2017 ते ऑगस्ट 2019 ही दोन वर्षे मी मिशनरी म्हणून काढली आणि त्यांतील दोन्ही नाताळ जर्मनीच्या पूर्वेकडील साक्सनी प्रांतात साजरे केले. माझे आईवडील मूळचे अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर). वडिलांच्या नोकरीमुळे मी सातवीत असताना आम्ही अमेरिकेतील युटा राज्यात राहायला गेलो आणि तेथे आमच्या घराने द चर्च ऑफ जीजस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या मंडळीत प्रवेश केला. बाहेरचे लोक आम्हांला मॉर्मन म्हणून ओळखतात. नगरकडचे आमचे सगळे नातेवाईक आजही आपल्या जुन्याच ख्रिस्ती मंडळीत आहेत, आणि नाताळ म्हणजे काय हे मी आधी त्यांच्याकडूनच शिकलो. अलीकडे ओळखीच्या दोन मराठी घरांतील मुलांना मिशनच्या नेमणुकीचे पत्र आले, तेव्हा दोन्ही घरच्या आयांनी मला एकच गोष्ट विचारली: नाताळात त्याचे कसे होईल? फोनवर मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

अगोदर काही व्यवस्था समजून घ्याव्या लागतात, कारण नाताळात येणाऱ्या अडचणी बहुतेक त्यांतूनच निघतात. मुले 24 महिने आणि मुली 18 महिने सेवा करतात. म्हणजे मुलाच्या वाट्याला दोन नाताळ येतात. कोणत्या देशात जायचे हे आपण ठरवत नाही, ते नेमणुकीच्या पत्रातून कळते. मिशनरी नेहमी जोडीने राहतात आणि या जोडीदाराला सगळे कम्पॅनियन म्हणतात. दर सहा आठवड्यांनी ट्रान्स्फर होते, म्हणजे जोडी तरी बदलते, गाव तरी बदलते किंवा दोन्ही बदलतात. ही ट्रान्स्फर ऐन डिसेंबरच्या मध्यावर आली, तर ज्या घरांशी तुमची ओळख झाली ती मागे राहतात आणि नाताळ आठ-दहा दिवसांवर असताना तुम्ही एका नव्या गावात, नव्या सोबत्याबरोबर उभे असता. माझ्या पहिल्या वर्षी नेमके हेच झाले.

यावरून घरच्यांसाठी एक सूचना लगेच सांगून टाकतो. पार्सल मुलाच्या खोलीच्या पत्त्यावर पाठवू नका, मिशनच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पाठवा. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या घरगुती भेटीवर 45 युरोपर्यंत जकात लागत नाही. त्याहून अधिक किंमत लिहिलेली असली किंवा वरचा कागद अपुरा भरलेला असला, तर पार्सल जकात कार्यालयात अडकते आणि ते सोडवून आणायला स्वतः जावे लागते. माझ्या आईने पाठवलेल्या करंज्या आणि चकल्या मला 11 जानेवारीला मिळाल्या. करंज्यांचा चुरा झाला होता आणि तो आम्ही दोघांनी चमच्याने खाल्ला.

आता त्या पहिल्या वर्षीच्या नव्या गावाविषयी, म्हणजे फ्रायबर्गविषयी. हे चांदीच्या खाणींवर वाढलेले जुने गाव एर्त्सगेबिर्गे या डोंगराळ भागाच्या पायथ्याशी आहे. डिसेंबरात तेथे दुपारी चार वाजताच अंधार पडतो, आणि अंधार पडला की घरोघरच्या खिडक्यांत लाकडी कमानींवरचे दिवे लागतात. या कमानीला श्विबबोगेन म्हणतात. जुन्या काळी खाणकामगार हिवाळ्यात पहाटेच्या अंधारात खाली उतरत आणि रात्रीच्या अंधारात वर येत, दिवस असा त्यांना दिसतच नसे, म्हणून या भागात उजेडाचे एवढे महत्त्व आहे असे तेथील लोक सांगतात. कमानीशेजारी हातात मेणबत्ती धरलेल्या लाकडी बाहुल्या ठेवतात: घरातील प्रत्येक मुलासाठी एक खाणकामगार आणि प्रत्येक मुलीसाठी एक देवदूत. खिडकीकडे पाहून त्या घरात किती लेकरे आहेत हे रस्त्यावरून कळते. सायकलवरून जाताना मी त्या बाहुल्या मोजत असे, आणि खरे सांगायचे तर त्या मोजण्याने माझे मन आणखी जड होत असे.

आमच्या नगरच्या नाताळात दार बंद असे कधी नसतेच. फराळाची ताटे या घरातून त्या घरात जातात, पेटी आणि टाळ घेऊन गाणारी मंडळी रात्री अंगणात येते, आणि शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांतील माणसेही येऊन जातात. जर्मनीत 24 तारखेची संध्याकाळ याच्या अगदी उलट असते. ती केवळ घरच्या माणसांची असते. दुपारी दोनच्या सुमारास दुकाने बंद होतात, रस्ते रिकामे होतात, आणि प्रत्येक कुटुंब आपापल्या दाराआड झाडाभोवती बसते. मी त्या बंद दारांचा चुकीचा अर्थ लावला. आम्ही या लोकांना नकोसे आहोत असे मला वाटले. त्या संध्याकाळचे आमंत्रण ही तेथे फार मोठी गोष्ट असते आणि ते बहुतेक कित्येक आठवडे आधी ठरलेले असते, हे मला नंतर समजले. आमच्या आधीच्या जोडीला एका कुटुंबाने बोलावले होते, परंतु ट्रान्स्फर झाल्याचे कळल्यावर त्यांनी दुसरा बेत केला. आम्ही विचारले असते तर त्यांनी आम्हांलाही घेतले असते. आम्ही संकोचाने विचारले नाही. तुम्ही मात्र विचारा. नव्या गावात पोहोचल्याबरोबर तेथील मंडळीच्या प्रमुखाला, म्हणजे बिशपला, स्पष्ट शब्दांत सांगा की 24 च्या संध्याकाळी, 25 च्या दुपारी आणि 26 तारखेला आम्ही कोठे असू हे अजून ठरलेले नाही. हे सांगण्यात भीक मागितल्यासारखे काही नाही. न सांगितल्यामुळे त्या लोकांना नंतर अधिक वाईट वाटते.

त्या वर्षी 24 डिसेंबर रविवारी आला होता. आम्ही रविवारी खरेदी करत नाही, आणि 25 व 26 या दोन्ही दिवशी तेथे सार्वजनिक सुट्टी असते. म्हणजे शनिवारी जे घेतले असेल त्यावर मंगळवारपर्यंत काढायचे. आम्ही शनिवारचा सगळा दिवस खोली आवरण्यात आणि सामान लावण्यात घालवला, आणि आमच्याकडे उरले ते तांदूळ, अर्धी पावाची लादी आणि एक मोहरीची बाटली. सणाआधी पंचांग पाहतो तसे तेथील सुट्ट्यांचे कॅलेंडर पाहून ठेवा.

रविवारच्या सभेनंतर सत्तरीच्या पुढच्या एका विधवा बाईंनी आम्हांला विचारले, “आज रात्री तुम्ही काय खाणार?” माझ्या सोबत्याने भाबडेपणाने खरे उत्तर दिले. त्या हसल्या नाहीत. आपला भाऊ येणार आहे, तुम्हीही सहाला या, एवढेच म्हणाल्या. एकट्या स्त्रीच्या घरी मिशनरी मुलांनी जायचे नाही असा नियम आहे; त्यांचा भाऊ असणार होता म्हणून आम्हांला जाता आले. जेवायला बटाट्याचे सॅलड आणि सॉसेजेस होती. साक्सनीत नाताळाच्या आदल्या रात्री पुष्कळ घरांत एवढेच साधे जेवण असते आणि पक्वान्ने 25 तारखेला होतात, हे मला ठाऊक नव्हते.

जेवण झाल्यावर त्या सावकाश, मला समजेल अशा जर्मनमध्ये, जुन्या दिवसांविषयी सांगू लागल्या. फ्रायबर्ग हे पूर्व जर्मनीत, म्हणजे साम्यवादी राजवटीत होते. तेथे 1985 च्या जूनमध्ये आमच्या मंडळीचे मंदिर उभे राहिले. अर्पणविधीपूर्वी ते सर्वांना पाहायला खुले होते, तेव्हा लोक पावसातही रांगा लावून थांबले होते आणि त्या रांगेत या बाईही होत्या. परंतु परदेशी मिशनऱ्यांना देशात प्रवेश मिळाला तो 1989 च्या मार्च महिन्याच्या अखेरीस. तोपर्यंतच्या कित्येक नाताळांत त्यांच्या टेबलाशी बाहेरून आलेला एकही मिशनरी बसला नव्हता. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. बोलता बोलता त्या उठल्या, कपाटातून दोन खाणकामगार काढून त्यांनी खिडकीत ठेवले आणि त्यांच्या हातांतील मेणबत्त्या पेटवल्या. मला जर्मनमध्ये काय बोलावे ते सुचले नाही. साडेनऊला खोलीवर परत असणे आवश्यक होते, म्हणून आम्ही नऊला निघालो, आणि वळणावर मागे वळून पाहिले तेव्हा खिडकीतले ते दोघे रस्त्यावरून दिसत होते.

फोनविषयी मात्र जपून लिहायला हवे, कारण आता नियम बदलले आहेत. माझ्या वेळी घरी वर्षातून दोनच वेळा बोलता येत असे: नाताळात आणि मदर्स डेला. आमच्या मिशनमध्ये सुमारे 40 मिनिटे मिळत. 25 तारखेला जर्मनीत संध्याकाळचे सहा वाजले होते, युटात सकाळचे दहा आणि नगरला आजीकडे रात्रीचे साडेदहा. आजीलाही वडिलांनी त्याच कॉलवर घेतले होते. मी चार महिन्यांचे बोलणे 40 मिनिटांत कोंबायला गेलो आणि शेवटी कोणाचेच नीट ऐकले नाही. आजीने दोनदा विचारले, “जेवलास का रे?” आणि दोन्ही वेळा मी तिला मध्येच तोडून बर्फाविषयी सांगू लागलो. पडदा काळा झाला तेव्हा जे वाटले ते आदल्या दिवशीच्या दुपारपेक्षा फार कठीण होते. नाताळाचा सर्वांत अवघड काळ मी ज्याला म्हणतो तो हाच: फोन ठेवल्यानंतरचे दोन तास. त्या दोन तासांत रिकाम्या खोलीवर जाऊ नका. कोणाला तरी भेटायला जायचे, कोणाच्या अंगणातील बर्फ काढायचा, कोणाला चर्चमधील खुर्च्या आवरायला मदत करायची, असे काहीतरी आधीच ठरवून ठेवा, आणि ते ठरलेले दुसऱ्या कोणाला तरी सांगून ठेवा, म्हणजे टाळता येणार नाही.

15 फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला घरी बोलण्याची मुभा मिळाली. माझे शेवटचे सहा महिने त्या व्यवस्थेत गेले आणि ती निःसंशय चांगली आहे. तरी माझे मत असे की नाताळाच्या दिवसाचा कॉल इतर आठवड्यांसारखा सैल ठेवू नये. तो लवकर उरकू नये आणि दिवसभर लांबवूही नये. त्या दिवशी घरच्यांनी बोलावे आणि मिशनरीने ऐकावे. आईने घरात काय केले, कोण आले, कोणाची आठवण निघाली, हे ऐकण्यात खरी भेट होते.

दुसरा नाताळ लायप्त्सिग या मोठ्या शहरात आला. 2018 चा 24 डिसेंबर सोमवारी होता आणि सोमवार हा आमचा पी-डे, म्हणजे कपडे धुण्याचा, खरेदीचा आणि विसाव्याचा दिवस. माझा नवा कम्पॅनियन प्रशिक्षण संपवून पाचच आठवड्यांपूर्वी आला होता आणि सकाळपासून एक शब्द बोलत नव्हता. आम्ही दर आठवड्याला इंग्रजीचा मोफत वर्ग घेत असू. त्यात बहुतेक सीरिया आणि इराणमधून आलेली माणसे होती. शहरातील सगळे काही तीन दिवस बंद राहणार आणि आपल्याला कोणीही बोलावलेले नाही, ही त्यांचीही अवस्था होती. आम्ही मिशन अध्यक्षांची परवानगी घेऊन दुपारी चर्चच्या सभागृहात वर्ग उघडा ठेवला. अठरा माणसे आली. एका इराणी गृहस्थांनी चहाचा मोठा थर्मास आणला होता. आम्ही चहा-कॉफी घेत नाही, परंतु थंडीतून कोणी प्रेमाने आणलेला पेला नुसता परतवणे योग्य दिसत नाही. म्हणून आम्ही त्यांच्याकडे गरम पाणी मागून त्यात जर्मनीत कोठेही मिळणारा फळांचा चहा टाकला आणि त्यांच्याबरोबर बसून प्यायलो. ही युक्ती लक्षात ठेवा, ती वर्षभर उपयोगी पडते. माझ्या सोबत्याला पियानो येत असे, हे मला त्या दिवशी कळले. त्याने वाजवायला सुरुवात केली आणि खुर्च्या आवरून होईपर्यंत थांबला नाही.

26 तारखेला दोन्ही वर्षी मी एकच काम केले. ज्या ज्या घरी जेवलो त्या प्रत्येक घरी हाताने, जर्मनमध्ये, शब्दकोश जवळ ठेवून आभाराचे पत्र लिहिले, आणि दुसरे पत्र आईला लिहून त्यात त्या घरच्या बाईंनी आमच्यासाठी काय काय केले ते सांगितले. फ्रायबर्गच्या बाईंविषयीचे पत्र आईने जपून ठेवले आहे. तिने त्यांना परत पत्र लिहिले, मराठीतून, आणि मी त्याखाली जर्मन भाषांतर जोडून पाठवले. त्यांनी कळवले की भाषांतर वाचले, परंतु ठेवले आहे ते मराठी पानच, त्या दोन खाणकामगारांच्या खोक्यात.