गुळावरचे पेपर सापडत नाहीत? थिसॉरस वापरताना या चुका टाळा

कोल्हापुरात गुळावर प्रबंध लिहायला बसलेल्या मुलांकडून एक वाक्य दरवर्षी ऐकायला मिळतं, "सर, आपल्या विषयावर कुणी कामच केलेलं नाही." काम ढीगभर झालेलं असतं, फक्त आपण हाक मारतो त्या नावाखाली ते ठेवलेलं नसतं.

एफएसटीए या अन्नशास्त्राच्या डेटाबेसमध्ये १९६९ पासूनच्या नोंदी आहेत. त्याच्या शोधपेटीत थेट 'जॅगरी' टाकून मोकळं होणं ही पहिली चूक. कोलंबियात गुळाला पॅनेला म्हणतात, ब्राझीलमध्ये रापादुरा, मेक्सिकोत पिलोन्सिलो, जपानमध्ये कोकुतो. या सगळ्यांना मिळून 'नॉन-सेंट्रिफ्युगल शुगर' असं नाव आहे. काहिलीत रस आटवायचा, मळी काढायची, पाक जमला की उतरवायचा, हे सगळीकडे जवळपास तेच. म्हणजे पॅनेलाच्या रंगावरचा पेपर आपल्या गुळव्याच्याही कामाचा. म्हणून आधी थिसॉरस, म्हणजे डेटाबेसने नोंदींसाठी ठरवलेल्या शब्दांची यादी, उघडा, आपला शब्द तिथे घाला आणि तो कोणत्या मान्य शब्दाकडे पाठवतो ते बघा. शेजारच्या 'संबंधित' शब्दांवरूनही नजर फिरवा.

हायड्रोसची गंमत तर वेगळीच. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून वापरतात ती ही पावडर. एका विद्यार्थिनीने 'हायड्रोस' शोधलं, हाती शून्य. हा बाजारातला शब्द. रसायनशास्त्रात ते सोडियम हायड्रोसल्फाइट, आणि त्याचंच दुसरं नाव सोडियम डायथायोनाइट. शिवाय सल्फरचं स्पेलिंग ब्रिटिश पेपरात 'ph'ने, अमेरिकन पेपरात 'f'ने. हायड्रोसमुळे गुळात सल्फर डायऑक्साइड उरतो आणि तो ७० पीपीएमपर्यंतच (दहा लाखांत ७० भाग) चालतो, त्यामुळे हे पेपर हुकले तर प्रबंधाचा कणाच गेला.

शब्द सापडला म्हणून लगेच टिक करू नका. त्याखालची व्याप्तीची टीप, म्हणजे त्या शब्दात काय येतं आणि काय नाही ते, वाचा. इंग्रजी 'पेपर' (pepper) म्हणजे काळी मिरी, की संकेश्वरी मिरची ज्यात येते ती कॅप्सिकम प्रजाती? टीप न वाचता मसाल्यावर शोध घेतलेल्यांना ढोबळी मिरचीच्या साठवणुकीचे पेपर चाळत बसावं लागतं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. 'स्पाइसेस' हा व्यापक शब्द निवडला की हळद, मिरची, धणे आपोआप आले, असं वाटतं. तसं होईलच असं नाही. नोंद करणारा माणूस पेपरला शक्य तितका नेमका शब्द लावतो. हळदीवरच्या पेपरला 'टर्मरिक' लागतो, 'स्पाइसेस' नाही. पोटातले शब्द सोबत घ्यायला 'एक्सप्लोड'ची खूण करावी लागते. पबमेड हा वैद्यकीय डेटाबेस हे स्वतःहून करतो, त्यामुळे तिथून आलेली मुलं दुसरीकडे हमखास फसतात. उलट 'फूड्स'सारखा शब्द एक्सप्लोड केलात, तर पंचगंगेला पूर आल्यासारखे निकाल येतील.

फक्त थिसॉरसवर विसंबणंही बरं नाही. नव्या पेपरांना शब्द लावून व्हायला वेळ लागतो, आणि थिसॉरसमध्ये उशिरा आलेला शब्द जुन्या नोंदींवर नसू शकतो. मान्य शब्द आणि साधे शब्द 'ऑर'ने (यांपैकी कोणताही चालेल) जोडा, तो सगळा गट कंसात टाका, मगच 'अँड' (दोन्ही हवेत) लावून दुसरा मुद्दा जोडा. कंस विसरलात तर यंत्र आपल्या मनाने जोड्या लावतं. निकाल शून्यावर आले, तर शेवटी जोडलेला मुद्दा काढून पुन्हा बघा. दोष बहुतेक तिथेच असतो.

आणि एका डेटाबेसची शोधओळ उचलून दुसऱ्यात चिकटवू नका, प्रत्येकाचा थिसॉरस निराळा. विद्यापीठाचं लॉगिन घरी चालत नसेल, तर एफएओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-शेती संघटनेचा अ‍ॅग्रोव्होक हा थिसॉरस मोफत उघडतो. त्यात हिंदीही आहे. प्रतिशब्दांची यादी रात्री तिथे करून ठेवा, सकाळी ग्रंथालयात गेल्यावर थेट शोधाला बसता येतं.