एसएसएच टनेल: डॅश एल की डॅश आर, एकदाच काय ते समजून घ्या

परवा चुलत भावाचा फोन आला. सांगलीत त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, हा लग्नाला नागपुरात आणि बिलिंगचा कॉम्प्युटर दुकानात. "दादा, इथनं आपला कॉम्प्युटर उघडेल का रे, स्टॉक बघायचाय." त्याला आधी कुणीतरी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणारं आतल्या कॉम्प्युटरकडे वळवणं) करून दिलं होतं, ते कधी चाललंच नाही आणि चालणारही नव्हतं, कारण राउटरचा वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने दिलेला बाहेरच्या बाजूचा पत्ता, १०० ने सुरू होणारा, म्हणजे १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला. असा आयपी दिसला की समजायचं, कंपनीने शेकडो गिऱ्हाईकं एकाच पब्लिक आयपीमागे बसवलीत, बाहेरून तुमच्या दारापर्यंत कुणी येऊच शकत नाही. मग दार आतूनच उघडायचं, आणि त्याचा जुना भरवशाचा उपाय म्हणजे एसएसएच, दोन कॉम्प्युटरमधलं एन्क्रिप्टेड कनेक्शन. त्यातून दुसरं काही नेलं की त्याला टनेल म्हणायचं.

एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू इलोनेनने लिहिलं, त्याच्या युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरत होतं म्हणून. आज लिनक्स, मॅकमध्ये ते आहेच, विंडोज १० मध्येही २०१८ पासून येतं, त्यामुळे वेगळं काही टाकायला लागत नाही. बहुतेकांना ते फक्त सर्व्हरवर लॉगिन करायला माहीत असतं, पण त्याच एका कनेक्शनच्या पोटातून डेटाबेस, वेबसाइट, रिमोट डेस्कटॉप, कॅमेऱ्याचं पान असं काहीही नेता येतं, फक्त ते टीसीपीवर (आधी कनेक्शन जोडून मग डेटा नेणारी पद्धत) चालणारं पाहिजे.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि आकडे टाका. एसएसएचपुढची एल, आर, डी, एन ही डॅशवाली अक्षरं सगळी कॅपिटल आहेत. हे सांगतोय कारण छोटा एल म्हणजे लॉगिनचं नाव, तो टाकून मी स्वतः एकदा अर्धा तास डोकं धरून बसलोय.

सोप्यापासून सुरू करू. सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, ५४३२ पोर्टवर (पोर्ट म्हणजे एकाच मशीनवरच्या प्रत्येक सेवेचा दार-नंबर), बाहेरून बंद (बंदच असायला पाहिजे). तुम्हाला लॅपटॉपवरून बघायचाय. तर

एसएसएच -एन -एल ५४३३:लोकलहोस्ट:५४३२ युजर@सर्व्हर

आता लॅपटॉपवरच्या डेटाबेस टूलमध्ये होस्ट लोकलहोस्ट, पोर्ट ५४३३ टाका, झालं. एन म्हणजे शेल उघडू नको, नुसतं टनेल धर. कर्सर तसाच लुकलुकत राहील, हँग झालं म्हणून बंद करू नका.

गोची मधल्या शब्दात आहे. लोकलहोस्ट म्हणजे 'हीच मशीन', पण ते लोकलहोस्ट तुमचं नाही, सर्व्हरचं. म्हणजे सर्व्हरने स्वतःच्या जागी उभं राहून कुणाला हाक मारायची ते तिथे लिहायचं. त्या जागी १९२.१६८.१.२० लिहिलं तर सर्व्हर त्याच्या शेजारच्या मशीनला हाक मारेल. कनेक्ट करताना टर्मिनलवर "चॅनल २: ओपन फेल्ड, कनेक्ट फेल्ड: कनेक्शन रिफ्यूज्ड" असं आलं तर टनेल नीट लागलंय, फक्त पलीकडे त्या पोर्टवर कुणी बसलेलं नाही, तेव्हा पासवर्ड नि की (पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायची किल्लीची फाइल) तपासत बसू नका, पत्ता आणि पोर्ट बघा. आणि हो, एन्क्रिप्शन त्या एसएसएच सर्व्हरपर्यंतच. तिथून शेजारच्या मशीनपर्यंत माल उघडाच जातो.

आता आर. एल म्हणजे तिकडचं इकडे आणायचं, आर म्हणजे इकडचं तिकडे नेऊन ठेवायचं. दुकानात एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) पडून होता, त्याच्यावर हे चालवलं:

एसएसएच -एन -आर १३३८९:१९२.१६८.१.२०:३३८९ युजर@सर्व्हर

सर्व्हर म्हणजे माझा व्हीपीएस, इंटरनेटवर भाड्याने घेतलेला छोटा सर्व्हर, पब्लिक आयपीवाला. १३३८९ हा त्या सर्व्हरवर उघडणारा पोर्ट. १९२.१६८.१.२० हा बिलिंगचा कॉम्प्युटर, ३३८९ रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट. आरमध्ये ती हाक दुकानातला पाय मारतो, सर्व्हर नाही, सगळं उलटं. मग नागपूरहून भावाच्या लॅपटॉपवर एल लावला: ३३९०:लोकलहोस्ट:१३३८९, त्याच सर्व्हरला. रिमोट डेस्कटॉपमध्ये लोकलहोस्ट:३३९० टाकलं आणि दुकानाचा स्क्रीन समोर. लॅपटॉपच्या बाजूला ३३८९ मुद्दाम घेतला नाही, विंडोजवर तो स्वतःचाच अडवलेला असू शकतो.

इथे एक मोह होतो. व्हीपीएसवर गेटवेपोर्ट्स नावाची सेटिंग आहे, ती यस केली की दुसरं टनेल लागतच नाही, थेट सर्व्हरच्या आयपीवर जाता येतं. मी पूर्वी एकदा केलं होतं. सकाळी लॉग बघितला तर रात्रभर कुठकुठले लोक पासवर्ड मारून बघत होते, जणू दुकानाचं शटर उघडं टाकून झोपलो. ती सेटिंग नो असते तीच राहू द्या.

दोन दिवसांनी भाऊ म्हणाला, बंद पडलं. दुकानात लाईट गेली होती, परत आली, पाय चालू झाला, एसएसएच जोडलेलंही दिसतंय, पण आत काही जाईना. हे सगळ्यांना कधीतरी होतं. जुनं कनेक्शन तुटलंय हे सर्व्हरला कळलेलंच नसतं, तो १३३८९ धरून बसतो, नव्याला पोर्ट मिळत नाही, पण एसएसएच नुसती एक वॉर्निंग देऊन जोडलेलंच राहतं. उपाय दोन्हीकडून करायचा: पायवर एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर यस (पोर्ट मिळाला नाही तर बंद हो) आणि सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३०, आणि व्हीपीएसवर क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ३० (दर ३० सेकंदांनी समोरचा जिवंत आहे का विचार). मग ही कमांड सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्रॅम आपोआप चालू ठेवणारी व्यवस्था) सर्व्हिस करून टाका, रीस्टार्ट ऑलवेज लावून, म्हणजे पोर्ट मिळेपर्यंत ती आपली आपण प्रयत्न करत राहते. त्या सर्व्हिससाठी वेगळी की बनवा, आणि व्हीपीएसवरच्या ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये त्या कीच्या आधी रिस्ट्रिक्ट, पोर्ट-फॉरवर्डिंग, परमिटलिसन १३३८९ (फक्त हाच पोर्ट उघडायची परवानगी) आणि कमांड="/बिन/फॉल्स" लिहा, पाय कुणी चोरून नेला तरी त्या कीने शेल मिळणार नाही.

डी हा तिसरा भाऊ. एसएसएच -एन -डी १०८० युजर@सर्व्हर, आणि फायरफॉक्समध्ये सॉक्स ५ प्रॉक्सी लोकलहोस्ट, १०८०. लॉजच्या वायफायवर बसून ब्राउझरचं सगळं ट्रॅफिक सर्व्हरमार्गे जातं. फक्त त्याच पानावर डीएनएससुद्धा (साइटच्या नावाचा आयपी शोधणं) प्रॉक्सीतून न्यायची खूण आहे, ती केलेली आहे का बघा, नाहीतर कुठली साइट उघडताय हे लॉजच्या राउटरला कळतच राहतं.

यूडीपी (कनेक्शन न जोडता डेटा पाठवणारी पद्धत) मात्र यातून जात नाही, म्हणजे व्हॉइस कॉल, गेम वगैरे. त्याला वायरगार्ड, म्हणजे लांबची मशीन एका खासगी नेटवर्कमध्ये जोडणारा व्हीपीएन. मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ पासून ते लिनक्स कर्नलमध्येच आहे, नेहमीचा पोर्ट ५१८२०, तोही यूडीपी. दोन्हीकडे कीची जोडी बनवायची, एकमेकांच्या पब्लिक की द्यायच्या, आणि दुकानासारख्या आतल्या बाजूला पर्सिस्टंटकीपअलाइव्ह २५ टाकायचं, नाहीतर थोडा वेळ शांतता राहिली की राउटर वाट बंद करतो. अलाउडआयपीजमध्ये (कुठले पत्ते या वाटेने जायचे ती यादी) फक्त आपलं छोटं नेटवर्क लिहा, ०.०.०.०/० लिहिलं तर सगळं इंटरनेट त्यातूनच वळतं. पिंग जातंय पण पानं अर्धवट अडकतायत असं झालं तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२० वरून १२८० करून बघा.

तीन-चार ठिकाणं जोडायची असली तर मी सरळ वायरगार्डच लावतो. एका पोर्टसाठी एसएसएच. आणि ऑफिसच्या नेटवर्कमधून बाहेर आर लावायचा असेल तर आधी तिथल्या आयटीवाल्याला विचारा, ते भोक त्याच्याच भिंतीला पडतं.

भाऊ परत आलाय आता, पाय अजून चालूच आहे, कारण त्याला रात्री घरून कॅमेरेपण बघायचेत. त्याच कमांडला अजून एक -आर जोडला, १०८०८ ते डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या) ८० वर, आणि कीच्या ओळीत दुसरा परमिटलिसन टाकायला विसरलो म्हणून तो पुन्हा दहा मिनिटं बोंबलत होता.