सांगलीची केमिस्ट्री आणि समुद्रातला मासा

सांगली-मिरजेत केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालं की घरचे दोन वाटा दाखवतात. एक साखर कारखान्याची लॅब, दुसरी औषध कंपनी. दोन्ही चांगल्याच. पण मी तिसऱ्या वाटेने गेले, समुद्री माशांच्या कर्णाश्मांकडे. त्याबद्दल विचारणारी मुलं हल्ली भेटतात, त्यांच्यासाठी हे.

माशाच्या डोक्यात, मेंदूच्या मागे-खाली दोन्ही बाजूंना कॅल्शियम कार्बोनेटचे छोटे खडे असतात. तेच कर्णाश्म, म्हणजे ओटोलिथ. हाडातला कॅल्शियम शरीर परत वापरतं, पण कर्णाश्मावर एकदा चढलेला थर जन्मभर तसाच राहतो. त्या थरात स्ट्रॉन्शियम, बेरियम, मँगनीज असे धातू अत्यल्प प्रमाणात अडकतात, ऑक्सिजनचे समस्थानिकही, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, नोंदले जातात. मधला गाभा लहानपणीचा, कड अलीकडची. त्यामुळे एकाच जाळ्यात आलेले दोन मासे वेगवेगळ्या पाण्यात वाढले होते का, हे गाभ्यावरून ओळखता येऊ शकतं.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण अटलांटिकमधला ब्लूफिन ट्यूना. मेक्सिकोच्या आखातात आणि भूमध्य समुद्रात जन्मलेले ट्यूना पुढे महासागरात एकमेकांत मिसळतात. भूमध्य समुद्रात बाष्पीभवन जास्त, त्यामुळे त्या पाण्यात जड ऑक्सिजन-१८ चं प्रमाण वाढतं, आणि तोच फरक कर्णाश्माच्या गाभ्यात उतरतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच खुणेवरून दिसलं की अंडी घालायच्या वेळी बहुतेक मासे आपापल्या जन्माच्या पाण्यात परततात. मासेमारीचा कोटा ठरवणाऱ्यांसाठी ही माहिती लाखमोलाची आहे, कारण एका जन्मस्थानाच्या माशांचा साठा खचत असताना दुसऱ्याच्या मुबलकतेमुळे तो झाकला जाऊ शकतो.

कर्णाश्म काढण्याचा सराव इथेच करता येतो. मात्र कृष्णेच्या रोहू-कटल्यावर नको. या माशांचा सर्वांत मोठा आणि हाताला पटकन लागणारा कर्णाश्म सहसा व्हॅटेराइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचा, असतो आणि व्हॅटेराइटमध्ये स्ट्रॉन्शियम कमी शिरतो. समुद्री माशांमध्ये वापरतात तो ॲरागोनाइट या दुसऱ्या स्फटिकरूपाचा, म्हणून दोघांच्या आकड्यांची तुलना होत नाही. बाजारात बर्फातून आलेला बांगडा घ्या. कवटीचा वरचा भाग पातळ कापून मेंदू हळूच बाजूला सारा. खाली पारदर्शक पिशवीत तांदळाच्या कणीएवढा, एका टोकाला चोच असलेला खडा दिसेल. दाबून धरलात तर चोच तुटते. चिमटा प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा, कारण स्टीलचा धातू लागू शकतो. फॉर्मालिनमध्ये अजिबात ठेवू नका. शुद्ध पाण्याने धुऊन पातळ आवरण काढा आणि कोरडा करून प्लास्टिकच्या कुपीत ठेवा.

पुढचं काम लेझर जोडलेल्या आयसीपी-एमएसवर, म्हणजे अत्यल्प मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर. लेझर ठिपक्याएवढा भाग उडवतो, यंत्र मूलद्रव्यं मोजतं आणि आकडे कॅल्शियमशी गुणोत्तरात मांडतात. द्राक्षांवरचे कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या लॅबमध्ये काम केलेल्यांना ब्लँक (नमुना न घालता केलेली चाचणी) आणि प्रमाणित नमुन्याची (ज्यातलं प्रमाण आधीच माहीत असतं) शिस्त माहीत असते. ती इथे फार कामाला येते. यंत्राची वेळ महाग असते, म्हणून आधी आर या संगणकीय भाषेत, कोणता मासा कोणत्या पाण्यातला हे ठरवणाऱ्या वर्गीकरणाचं गणित शिकून घ्या.

एक गोष्ट मात्र पक्की समजून घ्या. रसायनात फरक दिसला म्हणून जनुकीय फरक आहे असं होत नाही. एकाच वंशाचे मासे दोन खाड्यांत वाढले तरी खुणा वेगळ्या येतात. शिवाय तापमान आणि माशाची वाढसुद्धा आकडे हलवते. पाण्याची रसायनं वर्षागणिक बदलतात, म्हणून तुलना एकाच वर्षी जन्मलेल्या माशांचीच हवी.

त्यामुळे या संशोधनासाठी गाइडकडे प्रवेशाचं बोलायला जाल तेव्हा स्टायपेंडच्या आधी दोन गोष्टी विचारा: प्रत्येक बंदरातून एकाच वयाची पिलं मिळणार आहेत का, आणि ती गोळा करायला बोटीवर कोण जाणार? दोन्हींची नेमकी उत्तरं मिळत असतील तर खुशाल फॉर्म भरा.